बाळ बेल वाजवत नाही

प्रश्न थोडक्यात असा: बीएस्सी नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे, एका रुग्णालयाच्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) नोकरी मिळते आहे, आणि घरी आई म्हणते, ‘एवढ्याशा जिवांचे हाल तुला बघवणार नाहीत, दुसरा कुठलाही वॉर्ड घे.’ तर हे काम असतं तरी कसं, आणि ते आयुष्यभर करण्यासारखं आहे का?

मी २२ वर्षं नवजात बाळांमध्येच काढली आहेत. सुरुवातीला खासगी एनआयसीयूत, नंतर जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या सरकारी विशेष कक्षात. त्यामुळे तुझ्या आईला काय वाटतंय ते मला कळतं. माझी आई पहिली दोन वर्षं मी ड्युटीवरून आले की माझं तोंड बघायची, आज रडून आली आहे का म्हणून. पण या कामातली अवघड गोष्ट रडणं ही नाही. अवघड आहे ते बघणं. मोठा पेशंट बेल वाजवतो, ‘सिस्टर, छातीत दुखतंय’ म्हणतो, निदान नातेवाईक तरी धावत येतात. बाळ बेल वाजवत नाही. आठशे ग्रॅमचं बाळ तर नीट रडतही नाही. त्याला काय होतंय ते त्याच्या रंगावरून, पोटावरून, श्वासावरून आणि पायाच्या तळव्यांवरून ओळखायचं असतं. आणि चोवीस तास ते ओळखणारं माणूस म्हणजे सिस्टर. डॉक्टर राउंडला येतात, बोलावलं की येतात. वॉर्मरपाशी, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या यंत्रापाशी, उभ्या आपणच असतो.

एक रात्र सांगते. २९ आठवड्यांचं बाळ, वजन १,१०० ग्रॅम, सहावा दिवस. रात्री दोनच्या सुमारास त्याचा श्वास थांबला. कमी दिवसांच्या बाळांना हे होतं. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून कच्चं असतं, बाळ श्वास घ्यायचं जणू विसरतं. २० सेकंद श्वास थांबला, किंवा त्याआधीच ठोके कमी झाले, रंग बदलला, की आम्ही त्याला ॲप्निया म्हणतो. तळपायाला बोटाने टिचकी मारली, बाळाने श्वास घेतला. नोंद केली. पावणेतीनला पुन्हा. टिचकी, श्वास. सव्वातीनला तिसऱ्यांदा. आता या बाळाला तर श्वास चालू ठेवणारं कॅफिन हे औषध आधीपासून सुरू होतं, दोन दिवसांत एकही ॲप्निया नव्हता. मग आज रात्रीच का? मी दिवा जवळ घेऊन पोट पाहिलं. संध्याकाळपेक्षा किंचित फुगलेलं, चकाकणारं. फीड देण्याआधी पोटात घातलेल्या नळीतून ओढून पाहिलं तर हिरवट पाणी आलं. पोट कोमट आणि पाय गार. एकेकटं धरलं तर यातलं काहीच मोठं नव्हतं. सगळं मिळून माझ्या मनात एवढंच आलं की बाळ आज मलूल आहे. फीड थांबवलं, डॉक्टरांना उठवलं. त्यांनी तपासून रक्त पाठवलं आणि लगेच अँटिबायोटिक सुरू केलं. रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत) क्लेब्सिएला हा जंतू आला. तो रिपोर्ट हातात यायला दोन दिवस गेले. तोवर थांबलो असतो तर ते बाळ राहिलं नसतं. ते सात आठवड्यांनी घरी गेलं.

हे ‘मलूल’ ओळखायला पुस्तक पुरत नाही. तेच बाळ काल कसं होतं, हात लावला की कसं आक्रसायचं, हे ठाऊक असावं लागतं. म्हणून मी नव्या मुलींना सांगते, ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या शिफ्टकडून काम हाती घेताना, नुसती फाइल वाचू नका, आधीच्या सिस्टरबरोबर प्रत्येक बाळाजवळ जाऊन उभ्या राहा आणि बाळाकडे बघा.

काविळीसाठी बाळांना निळ्या दिव्याखाली ठेवतात ते तू पाहिलंच असशील. त्याची सुरुवात एका सिस्टरच्या बघण्यातून झाली. १९५६ साली इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर कमी दिवसांच्या बाळांचा वॉर्ड सांभाळत. ऊन असलं की त्या बाळांना अंगणात न्यायच्या. एकदा राउंडला त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं. सगळं अंग फिकट झालेलं आणि एक तिकोनी तुकडा मात्र पिवळाधमक. तेवढ्या भागावर चादरीचं टोक आलेलं होतं, ऊन पोचलं नव्हतं. तिथून डॉ. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले आणि १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. आज जगभर लाखो बाळांची रक्त बदलण्याची वेळ त्या दिव्यामुळे टळते. दिवा लावताना प्रत्येक वेळी नाही, पण बरेचदा मला जीन वॉर्ड आठवतात. (यावरून कोणी घरच्या उन्हात बाळ ठेवून कावीळ बरी करायला जाऊ नये. रक्तात बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारं पिवळं द्रव्य, किती आहे ते उन्हाला कळत नाही, आणि बाळ भाजतं किंवा गारठतं.)

आता रोजचं काम. आठ तासांची शिफ्ट, नाइट बहुतेक ठिकाणी बारा तासांची. दर दोन तासांनी फीड. अगदी लहान बाळाला सुरुवातीचे दिवस एका वेळी १–२ मिली दूध, नळीतून. सिरिंजचा दट्ट्या काढून नुसती नळकांडी उंच धरायची आणि दूध आपल्या वजनाने उतरू द्यायचं. दट्ट्याने ढकललं तर वेळ वाचतो आणि बाळ ओकतं. एवढंसं दूध उतरायला कधी कधी दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं हात वर धरून उभं राहणं हे काम आहे. ज्याला त्याचा कंटाळा येतो त्याने खरंच दुसरा वॉर्ड घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांत ठेवायचं. ऑक्सिजनवरच्या कमी दिवसांच्या बाळाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ९० ते ९५ टक्क्यांमध्ये ठेवायचं. १०० दिसलं की नातेवाईक खूश होतात, नव्या सिस्टरही होतात. पण जास्त ऑक्सिजनने त्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात, आणि वेळेत तपासणी झाली नाही तर बाळ कायमचं आंधळं होऊ शकतं. म्हणून वरचा अलार्म बंद करून ठेवायचा नाही. तो वाजला की ऑक्सिजन कमी करायचा. आणि ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाची डोळ्यांची तपासणी महिन्याच्या आत झालीच पाहिजे, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून भागत नाही. तारीख आईकडून तोंडपाठ वदवून घ्यायची.

औषधांबद्दल बोलताना मला आजही जरा गंभीर व्हावं लागतं. समज, बाळ १.२ किलोचं, जेंटामायसिन किलोमागे ५ मिलिग्रॅम लिहिलंय. म्हणजे ६ मिलिग्रॅम. मोठ्यांची बाटली २ मिलीत ८० मिलिग्रॅमची. हिशेब केला तर ०.१५ मिली. दशांशचिन्ह एक घर सरकलं की १.५ मिली, म्हणजे दसपट डोस, आणि सिरिंजमध्ये ते दिसायला काहीच वावगं दिसत नाही, कारण दीड मिली म्हणजे आपल्या डोळ्यांना थेंबभरच. नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात माझ्या हातून हीच चूक होत होती. शेजारच्या केरळच्या सिस्टरने माझ्या हातातली सिरिंज धरली आणि फक्त एवढंच म्हणाली, ‘परत मोज.’ ते औषध बाळाला गेलं नाही. त्या दिवसापासून मी एकही औषध दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय देत नाही, आणि तुझ्या युनिटमध्ये अशी पद्धत नसेल तर ती तू सुरू कर. लोक म्हणतील हिला येत नाही. म्हणू देत.

हात धुणं सगळ्यांना माहीत असतं आणि सगळ्यांकडून राहून जातं. कोपरापासून खाली काही नको: बांगड्या, अंगठी, घड्याळ, राखी, हळदीच्या समारंभाचा धागा, काहीच नाही. नवी नवरी असताना मीही हिरवा चुडा ड्युटीच्या दारात काढून ठेवत होते. सासूबाईंना वाईट वाटायचं. एकदा त्यांना काचेतून आत दाखवलं, माझा तळवा आणि त्याच्याएवढं बाळ. परत विषय निघाला नाही.

आईबद्दल कॉलेजात पुरेसं शिकवत नाहीत. नवजात बाळाचा वॉर्ड म्हणजे निम्मा त्याच्या आईचा वॉर्ड. तिचं सिझेरियन झालेलं, टाके ओढतात, बाळ दुसऱ्या मजल्यावर यंत्रांमध्ये, आणि सासरचे विचारतात दूध का नाही येत. तिला पहिल्याच दिवशी हाताने दूध काढायला शिकवणं हे आपलं काम. पहिले दोन दिवस येतात ते चिकाचे चार-सहा थेंब. बाई ओशाळून वाटी लपवते. तिला सांगायचं, हेच औषध आहे, हे चार थेंब मला दे. मी ते तिच्यासमोर बाळाच्या गालाच्या आत लावते. पुढच्या वेळी ती दहा थेंब घेऊन येते. बाळ जरा मोठं झालं की नळी काढून वाटी-चमचा किंवा बोंडलं, मग छातीशी. बोंडलं आपल्या आज्यांचंच. उकळून स्वच्छ केलं की दुधाच्या बाटलीपेक्षा शंभर पटीने बरं.

आणि ज्या आईला दूध नाहीच, किंवा जी आई उरली नाही, तिच्या बाळासाठी मिल्क बँक. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दूध पेढी सुरू केली. दान आलेलं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं ठेवून निर्जंतुक करतात आणि गोठवतात. आज राज्यातल्या अनेक मोठ्या रुग्णालयांत अशा पेढ्या आहेत. तुझ्या रुग्णालयात नसेल तर जवळची कुठे आहे ते विचारून ठेव.

कांगारू केअर तू पाठ केलं असशीलच. आईच्या उघड्या छातीवर बाळ उभं, मध्ये कपडा नाही. १९७८ मध्ये कोलंबियात बोगोटाला इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून हे सुरू झालं. बरीच वर्षं आम्हीही ‘बाळ स्थिर झालं की कांगारू’ असंच करत होतो. मग २०२१ मध्ये पाच देशांतला अभ्यास आला, दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. एक किलो ते १.८ किलोच्या आतल्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या छातीवर ठेवलं तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हापासून आईची खुर्ची आत यायला लागली. काही जुन्या सिस्टरांना ते आवडलं नाही. आईने काही बघितलं, काही विचारलं तर? विचारू दे. माझ्या वॉर्डात बाळ निळं पडतंय हे माझ्या आधी आईने पाहिलं, असं दोनदा झालंय. वडिलांनाही बसवते मी कांगारूला. पहिल्यांदा शर्टाची बटणं काढायला लाजतात आणि मग तासाभराने उठायला तयार नसतात.

घरच्यांच्या चालीरीतींशी गाठ रोजचीच. मध चाटवणं, गुटी, काजळ, शेक-शेगडी, बाळाच्या छातीतलं दूध पिळणं. मेळघाटाकडे पोट फुगलं म्हणून तापल्या सळईचे चटके दिलेलं बाळही येतं, या चटक्यांना डंबा म्हणतात. ते बाळ पाहिलं की राग येतोच. पण राग त्या आजीवर काढला तर पुढचं बाळ ती दवाखान्यात आणणारच नाही. जे घातक आहे ते ठामपणे थांबवायचं, बाकीच्याला जागा द्यायची. एका आजीने पाचव्या दिवशी वही आणि पेन आणलं, बाळाच्या उशाशी ठेवा म्हणाली, रात्री सटवाई येऊन लिहिते. आत बाहेरची वही चालणार नव्हती. मी तिला काचेतून वॉर्मरला लावलेला चार्ट दाखवला, दोरीला बांधलेलं पेन दाखवलं. म्हटलं, आजी, वही आहे, पेनही आहे, आम्ही रात्रभर दर तासाला त्यावर लिहितो. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘मग लिहील ती त्यावरच. पण तू अक्षर चांगलं काढ.’

मृत्यूबद्दल. तुझ्या आईची भीती खोटी नाही. बाळं जातात. महाराष्ट्रात २०२० च्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीनुसार हजार जन्मांमागे ११ बाळं पहिल्या २८ दिवसांत गेली. देशाचा आकडा २० होता, म्हणजे आपण बरे आहोत. पण एसएनसीयूत आजारी बाळंच येतात, त्यामुळे तिथे हा आकडा आपल्याला माणसांच्या रूपात दिसतो. पहिलं बाळ गेलं तेव्हा मी लिनन रूममध्ये जाऊन बसले होते. आमच्या इनचार्ज सिस्टर आल्या, त्यांनी मला उठवलं नाही. ‘पाच मिनिटं बस, मग ये, आपण दोघी बाळाला तयार करू’ म्हणाल्या. नळ्या काढायच्या, चिकटपट्टीचे डाग कोमट पाण्याने पुसायचे, टोपडं घालायचं, स्वच्छ दुपट्यात गुंडाळायचं. आणि आईला विचारायचं, घ्यायचंय का. घरचे बहुतेक वेळा नको म्हणतात, तिला दाखवू नका, ती सहन करणार नाही. तिला स्वतःला विचारायचं. मी आजवर ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेक बायकांनी हात पुढे केले. काहींनी फक्त बोटं मोजली. ती बाई घरी रिकाम्या हाताने जाणार असते आणि तिसऱ्या दिवशी तिला दूध येणार असतं. त्या दुधाचं काय करायचं हेही तिला आपणच सांगायचं, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

सवय होत नाही. झाली असं वाटायला लागलं तर सुट्टी घ्यायची. मी दोनदा बदली मागून सहा-सहा महिने पोस्टनेटल (बाळंतिणींच्या) वॉर्डात गेले आणि परत आले.

नोकरीचं व्यवहारी बोलू. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षांचा, बीएस्सी चार वर्षांचं, दोन्ही चालतात. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाल्याशिवाय कुठेही रुजू होऊ नको, नाहीतर ‘ट्रेनी’ म्हणून राबवून घेतात. एक वर्षाचा निओनेटल नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. दोन-तीन वर्षं काम करून मग केलास तर त्याचं सोनं होईल. एनएसएसके, म्हणजे नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाचं प्रशिक्षण, दोन दिवसांचं आहे, त्यात जन्मताच न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्कने श्वास कसा द्यायचा ते हातात बसतं. ते आधी कर. एसएनसीयूत लागलीस तर एफबीएनसीचं (रुग्णालयातल्या नवजात काळजीचं) चार दिवसांचं प्रशिक्षण आणि दोन आठवडे मोठ्या केंद्रात निरीक्षण असतं, ते मागून घे.

पगाराची तफावत फार आहे. सरकारी कायम अधिपरिचारिकेचं (स्टाफ नर्सचं) मूळ वेतन सातव्या वेतन आयोगात ३५,४०० पासून सुरू होतं, भत्ते वेगळे. पण एसएनसीयूच्या बऱ्याच जागा राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी असतात. काम तेच, जबाबदारी तीच, पगार निम्मा आणि दरवर्षी ऑर्डरची वाट बघणं. ज्या मुली दहा दहा वर्षं तशा काढतात त्यांच्यावर हा अन्याय आहे, आणि ते मी वरिष्ठांसमोरही बोलले आहे. खासगीत छोट्या गावातल्या एनआयसीयूत सुरुवातीला हातात फारच थोडं पडतं. शिकायला मात्र मिळतं, पण शिकवणारी सिनियर तिथे असेल तरच. परदेशात या अनुभवाला मान आहे. माझ्या दोन मैत्रिणी आखातात आहेत, एक इंग्लंडमध्ये, तिथे व्हेंटिलेटरवरच्या एका बाळामागे एक सिस्टर असते. ब्रदर्सनाही हे काम येतं. आमच्याकडचा एक ब्रदर शिरेत कॅन्युला (सलाइनची बारीक नळी) लावण्यात सगळ्यांच्या पुढे आहे.

शरीर थकतं. पाय सुजतात, वॉर्मरवर वाकून कंबर जाते, नाइटने झोप बिघडते. वॉर्मरची उंची आपल्याला हवी तशी करून घे, बाकीच्यांना राग आला तरी.

आणि आग. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या शिशू कक्षाला आग लागली, १० बाळं गेली, ७ वाचली. ती बातमी ऐकली तेव्हा मी नाइट संपवून घरी पोचत होते. त्यानंतर मी रोज ड्युटीवर आल्यावर दुसरं दार उघडतंय का ते स्वतः ढकलून पाहते, आणि एका प्लगला किती यंत्रं लावली आहेत ते मोजते.

घरी जाणाऱ्या बाळाचं काम डिस्चार्जला संपत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. १९९९ मध्ये ते प्रसिद्ध झालं तेव्हा तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले होते. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातात त्याचं मूळ तिथे आहे. आपण पाठवलेल्या बाळाच्या आशाताईचा नंबर आईकडून घ्यायचा आणि निघायच्या आधी तिला एक फोन करायचा. दोन मिनिटं लागतात.

हो म्हणायच्या आधी त्या एनआयसीयूत एक दिवस जाऊन उभी राहा, शक्य तर रात्री. इनचार्ज सिस्टरना विचार, एका शिफ्टला बाळं किती आणि सिस्टर किती. एका सिस्टरमागे तीन-चार बाळं असतील तर चांगलं. आठ-दहा असतील तर तू कितीही चांगली असलीस तरी तुझ्या नजरेतून काहीतरी सुटणार. हात धुवायच्या बेसिनपाशी साबण आहे का ते पाहा. आया आत बसलेल्या दिसतात की काचेबाहेर उभ्या, ते पाहा. आणि तुझ्या आईला एकदा फॉलोअपच्या दिवशी घेऊन जा, सकाळी दहाच्या सुमारास. नळ्या निघालेली बाळं टोपडी घालून वजन करायला आलेली असतात, तेव्हा रांगेत तिच्या शेजारी बसणाऱ्या बायकाच तिला काय ते सांगतील.